आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट शोधा

नारायण पेठेत माझं डीटीपीचं काम आहे. पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, लग्नामुंजीच्या पत्रिका. मजकूर घेऊन येणारी मंडळी हल्ली जाता जाता विचारतात, "मॅडम, गूगलऐवजी दुसरं काय वापरावं? व्हॉट्सॲपला काही पर्याय आहे का?" त्यांना एक नाव हवं असतं. नावं मी सांगते, पण आधी थोडं दुसरं बोलते, आणि तेच इथे सविस्तर लिहिते आहे. नुसत्या नावावर भिस्त ठेवून हललेली माणसं काही काळाने पुन्हा तोच प्रश्न घेऊन येतात.

कारण नावं टिकत नाहीत. ट्विटरला देशी पर्याय म्हणून कू गाजलं, मराठीत लिहायची सोय होती, मंत्री आणि खेळाडू तिथे होते. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. हाइक मेसेंजर जानेवारी २०२१ मध्ये गेलं. स्किफ नावाची खासगीपणा जपणारी छान ईमेल सेवा होती; फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली आणि वापरणाऱ्यांना सामान आवरायला सहा महिने मिळाले. मोठ्यांचंही काही वेगळं नाही. गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये, स्काइप मे २०२५ मध्ये. लहान असो की मोठी, सेवा कधीतरी बंद पडणार हे धरूनच चालायचं. म्हणून कुठलीही नवी सेवा घेताना मी आधी एकच पाहते: उद्या इथून निघायचं ठरलं, तर माझं सगळं घेऊन मला निघता येईल का?

हे माझ्या मनात इतकं पक्कं बसलंय ते धंद्यामुळे. नव्वदच्या दशकात मराठी पुस्तकं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लागायची आणि प्रत्येक फॉन्ट कंपनीचं आपापलं कोष्टक असायचं. एका फॉन्टमधला 'क' दुसऱ्या फॉन्टमध्ये भलतंच चिन्ह व्हायचा. काही सॉफ्टवेअर तर कॉम्प्युटरच्या मागे कंपनीचं 'कुलूप', म्हणजे एक छोटं उपकरण, लावल्याशिवाय सुरूच व्हायचं नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. आता त्या काळातल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणून एखादे निवृत्त सर जुनी सीडी घेऊन येतात. फाइल उघडते, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंसांचा नुसता खच दिसतो. पुस्तक त्यांचं, शब्द त्यांचे, पण ते वाचायची किल्ली तिसऱ्याच्या हातात.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी मानलेल्या एकाच सामाईक कोष्टकात, आणायची कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर काम सोपवून मोकळं होता येत नाही. जुन्या पद्धतीत डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाइप व्हायचं: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं, उच्चाराचा क्रम: वेलांटी नंतर, रफाराचा 'र्' आधी. त्यामुळे रूपांतर झालं की 'कीर्ती'चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या'मधला अर्धा र गळून पडतो, 'महाराष्ट्र'चं जोडाक्षर फुटतं. दोनशे पानांचं पुस्तक असेल तर दोनशे पानं नव्याने वाचावी लागतात. सर चष्मा सारखा करत शेजारी बसतात आणि आम्ही एकेक रफार जागेवर नेतो. याउलट युनिकोडमधली साधी टेक्स्ट फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ते कोष्टक सगळ्यांसाठी खुलं आहे, म्हणून ते टिकलं.

ऑनलाइन सेवांचं अगदी हेच आहे.

निवडायच्या आधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न मघाचाच, सामान बाहेर काढण्याचा. सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' किंवा 'डाउनलोड युअर डेटा' आहे का ते खातं उघडल्यावर पहिल्याच दिवशी बघायचं. चार-दोन गोष्टी भरून लगेच एक्स्पोर्ट करून बघायचं. जे बाहेर येईल ते दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतं का? हिशेबाची यादी असेल तर सीएसव्ही, कॅलेंडर असेल तर आयसीएस, मेल असेल तर एमबॉक्स, लेख असेल तर ओडीटी किंवा साधा मजकूर. फक्त त्याच कंपनीच्या ॲपला वाचता येईल अशी फाइल हातात आली, तर त्याचा उपयोग शून्य.

यात कायदा मदतीला येईल या भरवशावर राहू नका. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात स्वतःची माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क लिहिलेला होता. २०२३ मध्ये जो डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा प्रत्यक्ष झाला, त्यात तो नाही. माहिती बघण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून टाकण्याचा हक्क आहे. सोबत घेऊन जाण्याचा नाही. मला हे फार खटकतं. नंबर न बदलता मोबाइल कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये झाली आणि तेव्हापासून कंपन्यांना गिऱ्हाईक धरून ठेवायला कष्ट घ्यावे लागले. तीच सोय आपल्या फोटोंना आणि पत्रांना का नसावी?

दुसरा प्रश्न: समोरच्याकडे तेच ॲप नसलं तरी त्याच्याशी व्यवहार होतो का? ईमेलचा होतो. यूपीआयचा होतो. मंडईत भाजीवाल्या मावशींचा क्यूआर कोड एका कंपनीचा असतो आणि मी पैसे दुसऱ्याच ॲपमधून देते. त्यांना विचारावंही लागत नाही. पॉडकास्टचा होतो, कारण तो आरएसएस फीडवर, म्हणजे नवे भाग कुठल्याही ॲपला कळवणाऱ्या खुल्या यादीवर, चालतो, आणि अँटेनापॉडसारख्या मोफत, मुक्तस्रोत ॲपमध्येही तेच भाग ऐकता येतात. जिथे असं आहे तिथे पर्याय निवडणं सोपं असतं, कारण तुमच्या एकट्याच्या निर्णयाने काम भागतं. जिथे नाही, उदाहरणार्थ चॅट, तिथे माणसं हलवावी लागतात, आणि ते काम वेगळं आहे.

तिसरा प्रश्न खर्चाचा. ही सेवा चालवायला पैसे कुठून येतात? वर्गणीतून, देणग्यांतून, जाहिरातींतून, की गुंतवणूकदारांच्या खिशातून? सिग्नल हे चॅट ॲप ना-नफा संस्था चालवते, देणग्यांवर. प्रोटॉन ही ईमेल सेवा वर्गणीवर चालते. जिथे सगळं फुकट आहे, जाहिरात नाही आणि देणगीही मागत नाहीत, तिथे मी जपून राहते. स्वदेशी-विदेशी हा मुद्दा मी त्यानंतर बघते. देशी असावं असं मलाही वाटतं, पण कू देशीच होतं.

सुरुवात यादीपासून

एका रविवारी कागद घ्या आणि लिहा: काय गेलं तर रडू येईल, आणि काय गेलं तर कामं अडतील. कंपन्यांची नावं लिहू नका, गोष्टी लिहा. मुलांचे लहानपणचे फोटो. आईने सांगितलेल्या पाककृतींचे व्हॉइस मेसेज. पॉलिसीच्या पावत्या. गिऱ्हाइकांचे नंबर. प्रत्येकापुढे आता ते कुठे आहे ते लिहा. बहुतेकांच्या कागदावर एकाच खात्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. तिथून सुरू करायचं.

दुसरी यादी अशी: 'साइन इन विथ गूगल' किंवा फेसबुकचं बटण दाबून तुम्ही कुठे कुठे शिरलायत? गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपची आणि साइटची यादी मिळते. ती उघडली की डोळे पांढरे होतात. त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन स्वतंत्र पासवर्ड लावल्याशिवाय मूळ खात्याला हात लावायचा नाही. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर आधी घ्या. बिटवॉर्डन चांगलं आहे, मोफत योजना पुरते. सगळं स्वतःच्याच कॉम्प्युटरवर ठेवायचं असेल तर कीपासएक्ससी. दोन्हींमधून यादी एक्स्पोर्ट होते. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या कागदपत्रांसोबत ठेवा आणि घरातल्या एका माणसाला जागा सांगा.

ईमेल

माझ्या मते बदलायची पहिली गोष्ट ही, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या इथे येतात.

इथे सेवेपेक्षा पत्ता महत्त्वाचा. जीमेलचा पत्ता गूगलचा असतो, प्रोटॉनचा प्रोटॉनचा. स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, विकत घेतलं की पत्ता तुमचा होतो. डॉट इन डोमेन साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर वर्षभराला मिळतं. देवनागरीत डॉट भारतही मिळतं, पण ईमेलसाठी मी ते सुचवत नाही, बऱ्याच सरकारी आणि बँकांच्या फॉर्मना अजून तो पत्ता पचत नाही. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यातून घ्या. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात ते राहिलं की पुढे तो फोन उचलेनासा झाल्यावर हाल होतात. अशा संस्था मी पाहिल्या आहेत. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि कार्ड बदललं की तिथेही बदला.

डोमेन हातात असलं की मागची सेवा कधीही बदलता येते, कुणाला नवा पत्ता कळवावा लागत नाही. याचं मोल किती ते सांगते. प्रोटॉन मेल ही स्वित्झर्लंडची नावाजलेली सेवा. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका खटल्यात ती भारतात बंद करण्याची कार्यवाही सुरू करा, असं केंद्र सरकारला सांगितलं. असं काही प्रत्यक्षात आलं तर प्रोटॉनचा पत्ता असणाऱ्याची अडचण होईल; स्वतःचं डोमेन असणारा दुसऱ्या सेवेकडे वळेल आणि येणारी पत्रं तिकडे येऊ लागतील.

सेवा निवडताना आयमॅप चालतं का ते विचारा. आयमॅप असलं की थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये सगळा मेल स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवता येतो. झोहो मेल आपल्या चेन्नईच्या कंपनीचं, काम नेटकं, पण मोफत योजनेत आयमॅप नाही. पैसे भरलेत तर मिळतं. प्रोटॉनमध्ये त्यासाठी ब्रिज नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागतो आणि तो पैसे भरणाऱ्यांनाच. जर्मनीच्या टूटामध्ये आयमॅप मुळातच नाही. ऑस्ट्रेलियाच्या फास्टमेलमध्ये आहे, पण मोफत योजना नाही. लहान धंदेवाल्यांना मी झोहोची पैसे भरून घ्यायची योजना सांगते. पत्रकार, वकील, ज्यांच्या पत्रांत दुसऱ्यांची गुपितं असतात, त्यांना प्रोटॉन.

हलवायचं असं. थंडरबर्डमध्ये जुनं आणि नवं, दोन्ही खाती जोडा. जुन्यातला मेल निवडून नव्यात ओढा. जीमेलची लेबलं इथे फोल्डरसारखी दिसतात आणि एकच पत्र चार फोल्डरांत दिसू शकतं, म्हणून सरसकट ओढू नका. 'ऑल मेल' हा एकच फोल्डर एकदा घ्या. वर्षावर्षाचे गठ्ठे करून हलवा, एकदम सगळं धरलं तर मध्येच अडकतं. मग जीमेलमध्ये फॉरवर्डिंग लावा. आता बँक, विमा, प्राप्तिकराचं पोर्टल, गॅस, वीज, डिमॅट असं एकेक पत्र फॉरवर्ड होऊन येईल, तसतसा तिथे जाऊन पत्ता बदला. एका बैठकीत हे करायला जाऊ नका. वर्षभरात सगळे जण एकदा तरी पत्र पाठवतातच, तेव्हा वर्ष लागेल असं धरा.

जुनं खातं काढून टाकू नका. आणि विसरूही नका: सलग दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल पुसू शकतं.

फोटो

जून २०२१ पर्यंत गूगल फोटोज फुकट आणि अमर्याद होतं. मग ते जीमेल आणि ड्राइव्हसकट १५ जीबीच्या हिशेबात आलं, आणि तोवर लोकांनी फोन रिकामे करून सगळं तिथेच ठेवलेलं. आमच्या सासूबाईंना 'जागा संपली' अशी सूचना येऊ लागली तेव्हा त्या नातवंडांचे फोटो एकेक करून पुसायला बसल्या होत्या. त्यांचा सगळा संग्रह आम्ही बाहेर काढला, त्यावरून लिहिते.

गूगल टेकआउट ही आपली माहिती उतरवून घ्यायची गूगलचीच सोय उघडा, सगळ्या खुणा काढून फक्त फोटोज ठेवा. झिप फाइल केवढी हवी ते विचारतात. आपल्याकडच्या इंटरनेटला २ जीबीचे तुकडे बरे, एखादा मध्येच तुटला तर तेवढाच पुन्हा घ्यायचा. तयार व्हायला काही तास, कधी दिवस लागतात. लिंक येते ती आठवडाभराच्या मुदतीची असते, तेव्हा लग्नसराईत किंवा गणपतीत हे काम काढू नका. फाइली उघडल्यावर प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची एक छोटी जेसन फाइल दिसेल. ती कचरा समजून पुसू नका. तुम्ही गूगलमध्ये दुरुस्त केलेली तारीख, लिहिलेलं वर्णन त्यात असतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या आणि स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंची खरी तारीख तर बऱ्याचदा फक्त तिथेच असते. सासूबाईंनी आजेसासऱ्यांच्या फोटोखाली 'वाई, घाटावर' असं लिहिलेलं होतं, ते त्या फाइलमुळे वाचलं.

मग ठेवायचे कुठे? आधी दोन हार्ड डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. नणंदेकडे, भावाकडे, कुठेही. हे झाल्यावर मग क्लाउडचा विचार करा. एंटे ही सेवा मला आवडते: फोटो तुमच्या फोनवरच कुलूपबंद होऊन वर जातात, कंपनीलाही दिसत नाहीत, तिचा सोर्स कोड खुला आहे, आणि टेकआउटमधल्या त्या जेसन फाइली ती वाचते. जागा जास्त हवी असेल तर पैसे पडतात. इमिच हा दुसरा मार्ग, स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालवायचा. दिसायला थेट गूगल फोटोजसारखा. पण घरात अपडेट करणारं, बॅकअप बघणारं माणूस असेल तरच. गुरुवारी वीज गेली आणि मशीन नीट बंद झालं नाही तर दुरुस्त कोण करणार, याचं उत्तर 'मुलगा, पण तो बंगळुरूला असतो' असं असेल तर इमिच घेऊ नका.

गप्पांचे ग्रुप

इथे एक गोष्ट स्पष्ट असावी. व्हॉट्सॲपवरचा संदेश मध्ये कुणी वाचत नाही. २०१६ पासून तिथे संदेश कुलूपबंद करण्याची (एन्क्रिप्शनची) सिग्नलचीच पद्धत आहे. अडचण वेगळी आहे: तुम्ही कुणाशी, किती वेळा, कधी बोलता ही माहिती आणि तिचा मालक. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या 'मान्य करा नाहीतर चालते व्हा' धर्तीच्या धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची मालक कंपनी मेटाला २१३ कोटींचा दंड ठोठावला. टेलिग्राम हा खासगीपणाचा पर्याय नाही. तिथले नेहमीचे चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त दोन टोकांच्या माणसांनाच वाचता येतील असे, नसतात आणि ग्रुप तर कधीच नसतात. झोहोचं अरट्टई हे चॅट ॲप २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदम गाजलं, तेव्हा त्यात कॉलला एन्क्रिप्शन होतं पण साध्या संदेशांना नव्हतं. घेणार असाल तर सेटिंगमध्ये आज काय स्थिती आहे ते बघून घ्या.

मी घरच्यांसाठी सिग्नल वापरते. नोंदणीला मोबाइल नंबर लागतो, पण २०२४ पासून तो समोरच्याला न दाखवता युजरनेमवर बोलता येतं.

माणसं हलवताना मोठ्या ग्रुपला हात घालू नका. 'समस्त परिवार' ग्रुपवर सगळ्यांनी सिग्नल घ्या असं लिहिलंत तर चार अंगठे, दोन नमस्कार आणि एक सुविचार येईल, हलणार कुणी नाही. सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त बोलणारा ग्रुप निवडा. आमच्याकडे तो माझा, जाऊबाईंचा आणि नणंदेचा होता. एकीच्या घरी जमलो असताना तिघींच्या फोनवर एकदम बसवलं, तिथल्या तिथे फोटो पाठवून बघितले. मोठ्यांच्या फोनवर ॲप बसवून देताना चिन्ह व्हॉट्सॲपच्या शेजारी ठेवा आणि अक्षर मोठं करून द्या. मग एक ठरवा: अमुक गोष्ट फक्त तिकडेच येईल. आमच्याकडे भाचीच्या बाळाचे फोटो फक्त सिग्नलवर येतात. आजी-मावश्या आपल्या पायांनी आल्या.

सिग्नलचे संदेश तुमच्या फोनवरच असतात. बॅकअप स्वतः चालू करावा लागतो आणि त्याची लांबलचक किल्ली हरवली तर सिग्नलवालेही काही करू शकत नाहीत. ती पासवर्डच्याच कागदावर लिहा.

धंदा असेल तर

आमच्या गल्लीतल्या एक ताई दिवाळीचा फराळ करून विकतात. सगळा धंदा एका बड्या सोशल मीडियाच्या पानावर. ऐन ऑर्डरींच्या दिवसांत खातं बंद पडलं. कारण कळलं नाही, तक्रारीला यंत्राने लिहिलेलं उत्तर आलं. गिऱ्हाइकांची नावं तिथेच, त्यामुळे कुणाला कळवायचं तेही हातात नाही. आता त्यांच्याकडे एक तक्ता आहे, लिब्रेऑफिसमध्ये मीच करून दिला: नाव, मोबाइल, भाग, गेल्या वर्षी काय नेलं, विशेष सूचना. 'चकली कमी तिखट', 'शंकरपाळे गोड नकोत', 'डबा परत आणून देतात'. दर महिन्याला त्याची पेन ड्राइव्हवर प्रत. नंबर ठेवताना गिऱ्हाइकाला विचारून ठेवतात, आणि नको म्हणणाऱ्याची ओळ पुसतात.

सोशल मीडिया सोडा असं मी त्यांना सांगत नाही, गिऱ्हाईक तिथेच आहे. पण भावपत्रक, पत्ता, फोन स्वतःच्या डोमेनवरच्या साध्या एका पानावर हवेत आणि पिशवीवर पत्ता त्या पानाचा छापायला हवा.

बाकीचं, थोडक्यात

ब्राउझर: फायरफॉक्स, त्यावर जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. क्रोमने नियम बदलल्यापासून ते मूळ रूपात तिथे चालत नाही. शोधायला डकडकगो, मराठी शोधाला कधी कमी पडतं, तेव्हा गूगलवर जाऊन यावं. कीबोर्डसाठी इंडिक कीबोर्ड मुक्तस्रोत आहे, मराठी इन्स्क्रिप्टसकट. लेखनासाठी लिब्रेऑफिस, मेनूही मराठीत करता येतो. लेखकांना माझी कळकळीची विनंती: मूळ प्रत ओडीटीत ठेवा, शेजारी पीडीएफ ठेवा, आणि युनिकोड सोडून कशातही टाइप करू नका.

नकाशांवर मात्र थोडं थांबते. राजगड, तोरणा किंवा कात्रज ते सिंहगड करणाऱ्यांनी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड घ्यावंच. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर चालतात, महाराष्ट्राचा नकाशा आधी उतरवून ठेवला की रेंज नसलेल्या धारेवरही पायवाट दिसते. चुकलेली वाट, आटलेलं टाकं तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता आणि ती दुरुस्ती सगळ्यांची होते. शहरात मात्र संध्याकाळी सहाला गणेशखिंड रस्त्यावर किती तुंबलंय ते त्यात दिसणार नाही. तिथे गूगल मॅप्सच उघडावा.

यूट्यूबला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका. मराठी कीर्तनं, व्याख्यानं, गाण्याच्या मैफली तिथेच आहेत. ज्या चॅनेलचं सगळं बघता त्यांची आरएसएस फीड फीडर नावाच्या ॲपमध्ये जोडा, म्हणजे पुढे काय बघायचं ते यूट्यूब ठरवणार नाही. मॅस्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्या पण अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या सेवेवर, खातं काढा, मजकूर बरा असतो. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना अनुयायी सोबत येतात, जुन्या नोंदी येत नाहीत, हे माहीत असू द्या.

आणि गिऱ्हाइकांसाठी, सोसायटीसाठी व्हॉट्सॲप ठेवावं लागणारच असेल, माझ्याही फोनमध्ये ते आहे, तर दोन गोष्टी आजच करा. सेटिंगमध्ये चॅट बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू करा. एरवी ड्राइव्हवर जाणारी प्रत उघडी असते. आणि ज्या चॅटमध्ये जपण्यासारखं काही आहे, आईच्या पाककृती किंवा गिऱ्हाइकाने मान्य केलेला मजकूर, ती उघडून 'एक्स्पोर्ट चॅट' दाबा. साधी टेक्स्ट फाइल मिळते, युनिकोडमध्ये, आणि व्हॉइस मेसेज व फोटोही सोबत घेता येतात. ती घरच्या दोन्ही डिस्कवर टाका.